जाळीचा पदर

वरोऱ्यात आमच्या गल्लीत मोहाचं झाड नाही. तरी फाल्गुन सरत आला की एखाद्या सकाळी बाजाराकडून येणाऱ्या वाऱ्यात तो वास असतो. खेड्यावरची कुणी बाई पोत्यावर मोहफुलं पसरून बसलेली असते. गोड, जड, किंचित आंबूस असा तो वास. त्या वासानं कुणाला काय आठवतं, कुणाला काय. मला आधी आठवते गंजलेली लोखंडी जाळी, मग बांधायची तार, मग तार ओढून ओढून लाल झालेली माझी बोटं. आणि मग बाई.

बाई म्हणजे माझी मोठी जाऊ. नाव विमल, पण लग्न होऊन आले त्या दिवसापासून मी तिला बाईच म्हटलं. आमचं गाव चिमूरच्या पुढे, जंगलाला टेकलेलं. ओळीतलं शेवटचं घर आमचं. घरामागं धानाच्या बांध्या, बांध्यांपलीकडे नाला आणि नाल्यापलीकडे जंगल. घरात म्हाताऱ्या सासूबाई, बाई, भासरे म्हणजे माझे मोठे दीर, त्यांची मुलगी रोशनी, आणि मी माझ्या लहानग्या पोरीला घेऊन. माझे यजमान बल्लारपूरला कामाला होते. सुटीच्या दिवशी वरोऱ्यापर्यंत रेल्वेनं आणि पुढे मोटारसायकलनं यायचे. म्हणजे आठवडाभर मी आणि बाई. दोन जावा एका अंगणात सुखानं नांदल्या असं सांगितलं की लोक हसतात. हसोत.

मी वरोऱ्याची, बाजारपेठेत वाढलेली. शिवणकाम येत होतं, बाकी काही येत नव्हतं. दिवस राहिले तेव्हा पोटात पाणीसुद्धा ठरत नव्हतं. बाई रोज सकाळी एक उकडलेलं अंडं सोलून, मीठ लावून माझ्यासमोर धरायची. मी तोंड फिरवलं की म्हणायची, "खा. कोंबडीनं तुह्यासाठीच घातलं हाय. मले सांगून घातलं." तिचं ते गंभीर तोंड पाहून मला हसू यायचं, आणि हसता हसता अंडं पोटात जायचं.

कोंबड्या तिच्या होत्या. शेत भासऱ्यांचं, घर सासऱ्यांनी बांधलेलं, गाईला आम्ही सगळेच आमची म्हणायचो. कोंबड्यांना मात्र ती "माह्या" म्हणायची. कुठली कधी खुडूक बसणार, कोणती अंडी चोरून पऱ्हाटीच्या ढिगात घालते, कोणता कोंबडा नुसताच बोंबलतो आणि घार आली की सगळ्यात आधी पळतो, हे सगळं तिला पाठ होतं. दिवसभर त्यांना शिव्या घालायची आणि संध्याकाळी एकेकीला उचलून खुराड्यात ठेवताना पाठीवरून हात फिरवायची. आपल्याला कुणी पाहत नाही असं तिला वाटायचं.

खुराडं बांबूच्या तट्ट्यांचं, वरून माती लिंपलेलं आणि कवेलू म्हणजे कौलं घातलेलं. दाराला मोठा दगड. मुंगूस यायचं, रानमांजर यायचं, वर्षाकाठी काही कोंबड्या जायच्या. त्याचं कुणाला फार वाटायचं नाही. जंगलाला टेकून राहायचं तर जंगलाचा वाटा द्यावाच लागतो असं सगळे धरून चालायचे.

त्या माघात बिबट आला.

पहाटेची वेळ होती, अंगणात धुकं होतं. कवेलू फुटल्याचा आवाज झाला आणि पाठोपाठ कोंबड्यांचा असा कल्ला उठला की मी पोरीला छातीशी धरून उठूनच बसले. भासरे बॅटरी आणि काठी घेऊन ओरडत बाहेर धावले. त्यांनी पाहिली ती फक्त कुंपणावरून जाणारी शेपटी. उजाडलं तेव्हा अंगणभर पिसं होती, जणू कुणी उशी फाडून उधळली होती. बिबटानं नेली एखादीच, मारून टाकलेल्या कितीतरी. शेवग्यावर चढून बसलेल्या काही तेवढ्या वाचल्या होत्या, त्या दुपारपर्यंत खाली उतरल्या नाहीत.

बाई टोपली घेऊन आली. मेलेल्या कोंबड्या एकेक उचलून टोपलीत ठेवत गेली. कोपऱ्यात खुडूक बसलेली काळी कोंबडी होती, ती अंड्यांवरच मान टाकून पडली होती. बाईनं तिला बाजूला केलं आणि अंड्यांना हात लावला. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "कुंदा, अंडे कोमट हायेत अजून."

ती अंडी तिनं धानाच्या कोंड्यात पुरून टोपली चुलीजवळ ठेवली. रात्री उठून टोपली फिरवायची, हात ठेवून पाहायची. पिलं निघणार नाहीत हे तिलाही ठाऊक असावं. मलाही होतं. तरी ती टोपली बरेच दिवस चुलीजवळ राहिली, आणि आम्ही दोघींनी तिच्याबद्दल एक शब्द काढला नाही. एक दिवस ती तिथं नव्हती.

त्याच दिवशी बाई म्हणाली, "आपुन जालीचं घर करू."

भासरे जेवत होते. त्यांनी मान वर केली. "कोंबड्यापायी येवढं? जाली काय फुकट भेटते?"

"इकत कोन घ्याले सांगते तुमाले? गावात लोखंड काई कमी हाय का पडलेलं?"

आणि खरंच, एकदा पाहायला लागलो तर गावभर लोखंड पडलेलं दिसू लागलं. भासऱ्यांच्या बांधीवर पूर्वी बोअरच्या भोवती जाळीचं कुंपण होतं, ते फाटून नाल्याच्या काठाशी वेलींखाली दबलं होतं. सासऱ्यांचा लोखंडी पलंग त्यांच्यामागं गोठ्यात उभा करून ठेवलेला. कुणाच्या तरी पडक्या घराचं फाटक कडुलिंबाला टेकून उभं. बाई त्या घरी जाऊन सरळ म्हणाली, "फाटक दे, पिलं झाले तं दोन तुह्या घरी देईन." फाटक मिळालं.

खालची बाजू कशानं भरायची हे सुचत नव्हतं. कुंपणाची जाळी मोठ्या भोकांची. त्यातून बिबट येणार नाही, पण मुंगूस सहज येईल. बारीक जाळी विकतच घ्यावी लागली असती. तेव्हा मला वरोरा आठवलं. आमच्याकडे उन्हाळा असा की घरोघरी लोखंडी कूलर, आणि घरोघरच्या गच्चीवर जुने कूलर सडत पडलेले. कूलरच्या तिन्ही बाजूंना पट्ट्यापट्ट्यांच्या चौकटी असतात, आत वाळा भरायला. त्या फटींतून हवा जाते, मुंगूस जात नाही. मी माहेरी फोन केला. पुढच्या सुटीला यजमान मोटारसायकलला दोन्हीकडून कूलरच्या चौकटी बांधून गावात शिरले, तर मागं पोरांची वरात आणि कुत्र्यांची झुंड. बाई अंगणात कमरेवर हात ठेवून हसत उभी. "भाऊजी, भंगारवालेच झाले तुमी!"

त्या दिवसांत हवा मोठी सुरेख होती. सकाळी थंडी, दुपारी अंगावर घ्यावंसं वाटणारं ऊन. पळसाला कळ्या आल्या होत्या. धान घरात आलेलं, हातात वेळ होता. मी आणि बाई अंगणात जाळी अंथरून तिच्यावर बसायचो आणि तुकडे शिवायचो. शिवायचो असंच म्हणेन मी. तार घ्यायची, या तुकड्याच्या कडेतून त्या तुकड्याच्या कडेत ओवायची, पक्कडीनं पिळायची. गोधडीला घालतात तशी टाक्यापुढं टाका. टाके घालायला मी, पीळ द्यायला बाई. प्रत्येक टाक्याचं टोक ती आतून वाकवून दाबायची. मी म्हटलं, "बाई, नाई दाबलं तरी चालते ना?" तर म्हणाली, "आतून कोंबड्या घासतात व. टोचंल त्याइले."

बोलत बसायचो. रोशनी तेव्हा बारावीला होती, चिमूरला मामाकडे राहून शिकायची. तिला नर्स व्हायचं होतं. बाईला वाटायचं पोर दूर जाईल, आणि वाटायचं गेलीच पाहिजे. "मले कोनी शिकवलं असतं तं मी बी काई झाली असती," एकदा म्हणाली. मी विचारलं, "काय झाल्या असत्या?" पीळ देता देता तिनं थोडा विचार केला. "काई बी. पन रोज बसनं गेली असती."

पायाचं काम आलं तेव्हा जमीन आडवी आली. जाळी हातभर खोल गाडायची, म्हणजे उकरून येणारा प्राणी अडतो, असं भासऱ्यांनी कुठंतरी ऐकलं होतं. पण आमच्या अंगणाखाली मुरूम. पहार मारली की हाताला झिणझिण्या यायच्या आणि चिमूटभर माती निघायची. दोन दिवस मारून भासऱ्यांनी पहार टाकली. "नाई होत हे."

बाई उकिडवी बसून जमिनीकडे पाहत राहिली. मग जाळीचा एक लांब तुकडा तिनं ओढला, त्याची एक कड भिंतीच्या बुडाला लावली आणि उरलेली जाळी बाहेरच्या बाजूला जमिनीवर पसरली.

"पदर सोडू," ती म्हणाली.

"म्हनजे?"

"मुंगूस कुठी उकरते? भिंतीच्या बुडाशीच उकरते. दोन पावलं मांगं जाऊन उकराची अक्कल त्याले हाय का? उकरू दे. पायाले जालीच लागंल."

आम्ही चारी बाजूंनी जाळीचा पदर सोडला. त्यावर नाल्यातले गोटे आणून ठेवले, माती लोटली. पुढं पावसाळ्यात त्यातून गवत उगवलं आणि खाली जाळी आहे हे कुणाला सांगूनही खरं वाटेना. दार बसवताना पुन्हा भांडण. भासऱ्यांनी फाटक आत उघडेल असं लावलं होतं. बाईनं काढायला लावलं. "बाहीर उघडलं पायजे. तो ढकलंल तं दार चौकटीले घट्ट बसंल. आत उघडलं तं तुमीच त्याले या म्हनल्यासारखं झालं." वर एक कडी, खाली एक कडी, आणि मधे जुन्या सायकलची साखळी. छपराला सासऱ्यांचा पलंग आडवा घातला, त्यावर जाळी आणि जाळीवर वालाचा वेल चढवायचा ठरवला.

सगळं झालं तेव्हा बाई स्वतः आत गेली. "लाव कडी," मला म्हणाली. मी लावली. "आता हलव." मी दार धरून हलवलं. "जोरानं हलव! बिबट हायेस तू, कुंदा, बकरी नाई!" मी पाय रोवून, दात ओठ खाऊन हलवत होते, आतून बाई जाळीला खांदा देऊन उभी, पायात कोंबड्या कलकलाट करत फिरताहेत, आणि तिला हसू आवरत नाही. भासरे ओसरीवर बसून पाहत होते. ते सहसा हसत नाहीत. त्या दिवशी त्यांना ठसका लागेपर्यंत हसू आलं.

बिबट परत आला. येणारच होता. एका सकाळी उठून पाहतो तर जाळीच्या पदरावर पंजे उमटलेले, कूलरच्या एका चौकटीवर ओरखडे, एका ठिकाणी जाळी आत दबलेली आणि तारेला पिवळे केस अडकलेले. आत कोंबड्या एका कोपऱ्यात गोळा होऊन बसलेल्या. सगळ्या. बाईनं ते केस बोटांत धरले, सूर्याकडे धरून पाहिले आणि गावात घरोघर फिरली. "येऊन पाहा. या ना, पाहून जा." बाया आल्या, पुरुषही आले. शेजारची म्हातारी झिंगूबाई जाळीला हात लावून म्हणाली, "विमले, माह्या घरी बी करून दे व माय." बाई तिला पदर कसा सोडायचा ते समजावत बसली. मी तिला इतकी आनंदात त्याआधी पाहिली नव्हती. तिच्या आयुष्यात तिनं ठरवलेली, तिनं केलेली आणि साऱ्या गावानं पाहिलेली ती एक गोष्ट होती.

होळी झाली आणि मोह पडू लागले.

मोह पहाटेपासून पडतो. पानं सगळी गळलेली असतात, नागव्या फांद्यांना फुलांचे झुबके, आणि खाली टप, टप, अगदी हलका आवाज. उजाडता उजाडता झाडाखाली पिवळट पांढरा सडा पडलेला असतो. फुलं हाताला गार आणि रसरशीत लागतात. घराघराची झाडं ठरलेली. त्या दिवसांत गावातल्या बायांची पाठ सरळ होत नाही. वाकायचं, वेचायचं, टोपली सरकवायची, परत वाकायचं. आणि मोह पडण्याचे दिवस मोजकेच, ते कुणासाठी थांबत नाहीत.

त्या वर्षी नाल्याकडे वाघीण दिसल्याचं सगळ्यांना माहीत होतं. वनखात्याचे लोक गावात सांगून गेले होते: एकटं जाऊ नका, अंधारात जाऊ नका, बोलत राहा. बायांनी सगळं ऐकलं. घोळक्यानं जायच्या, उजाडल्यावर जायच्या, मोठमोठ्यानं बोलायच्या. त्यांचं काही चुकलं नाही, हे मी आजही सगळ्यांना सांगते. पण झाडापाशी पोचलं की प्रत्येकीला आपापल्या झाडाखाली वाकावंच लागतं.

त्या दिवशी रोशनीचा शेवटचा पेपर होता. माझ्या पोरीला ताप होता म्हणून मी घरी थांबले. बाई टोपली घेऊन गेली. मी चूल पेटवत होते. धूर डोळ्यांत गेला होता, म्हणून मी तिला जाताना नीट पाहिलंसुद्धा नाही.

ऊन अंगणात उतरायच्या आत झिंगूबाई आली. डोक्यावर पदर नाही, हातात टोपली नाही. दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. मी तिला खाली बसवलं. भासरे गोठ्यातून आले. तेव्हा ती एवढंच म्हणाली, "वाघानं नेलं. विमलीले."

पुरुष काठ्या, डबे घेऊन धावले. मला जाऊ दिलं नाही. झिंगूबाई माझा हात धरून बसली होती आणि तेच तेच बोलत होती. "आवाज नाई झाला व माय. काईच आवाज नाई झाला. ती वाकली होती, मी बोलूनच राह्यली होती तिच्यासंगं. जवाब नाई आला म्हनून वर पाह्यलं." मग पुन्हा, "जवाब नाई आला म्हनून पाह्यलं."

ती त्यानंतर कितीतरी महिने हे वाक्य बोलायची. विहिरीवर, ओसरीवर, बाजारात. कुणी ऐको न ऐको.

बाई नाल्यापलीकडे सापडली. कशी सापडली ते मी लिहिणार नाही. मी पाहिलं नाही, आणि ज्यांनी पाहिलं त्यांनी मला सांगितलं नाही. त्यांचे उपकार.

गावात मोटारी आल्या, साहेब आले, पोलीस आले. भासरे अंगणात जमिनीवर बसले होते. कुणीतरी म्हणालं, चिमूरला फोन करा, पोरीला आणा. भासऱ्यांनी मान हलवली. "पेपर होऊ द्या तिचा," ते म्हणाले. "तिची माय असती तं पेपर चुकू देल्ला नसता. मंग आना."

तेव्हा ते बरोबर वाटलं. आजही चूक वाटत नाही. पण सकाळभर गावाला ठाऊक होतं, चिमूरपर्यंत ठाऊक झालं होतं, आणि रोशनी मान खाली घालून पेपर लिहीत होती. बाहेर आली तेव्हा मामा फाटकाशी उभा. आजी आजारी आहे, चल, एवढंच बोलला. ती हातात पॅड आणि पेन घेऊन अंगणात शिरली, गर्दी पाहिली, आजीला दाराशी उभी पाहिली, आणि मग एकेकाच्या तोंडाकडे पाहत आई शोधू लागली. ते मी पाहिलं आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाईला तालुक्याच्या दवाखान्यातून आणलं, आणि तिन्हीसांजेच्या आत सगळं आटोपलं. बाया आंघोळी करून परतल्या. तेव्हा मागच्या अंगणातून आवाज आला. कोंबड्यांचा. कालपासून कुणी दार उघडलं नव्हतं. कुणाला आठवणारच नव्हतं.

मी गेले. वरची कडी, खालची कडी, साखळी. आत पाण्याचं मडकं कोरडं, दाण्याचं ताट पालथं. पण कोंबड्या होत्या. सगळ्या होत्या. कोपऱ्यात अंडीसुद्धा होती. जाळीचा एक टाका सुटला नव्हता. दार उघडताच त्या माझ्या पायांवरून बाहेर पळाल्या, आणि मी आत खाली कोंड्यावर बसले. तोवर मला रडू आलं नव्हतं. भिंतीला टेकायला म्हणून हात लावला तर बोटांना कुठं काही टोचलं नाही. तारेचं प्रत्येक टोक आतून वाकवून दाबलेलं. मी हात फिरवत गेले, वरपासून खालपर्यंत, एक टोकसुद्धा राहिलेलं नव्हतं. मग मला जे रडू आलं ते तिथंच, कोंबड्यांच्या घाणीत बसून.

बातमीसाठी आलेल्या एकानं त्या जाळीघराचा फोटो काढला होता. कोंबड्यांना जाळी आहे आणि माणसांना नाही, अशा अर्थाचं काहीतरी छापून आलं. गावात कितीतरी लोकांनी ते वाक्य उचललं. पाहुणे यायचे, अंगणात उभे राहायचे, जाळीकडे पाहून तेच म्हणायचे आणि सुस्कारा टाकायचे. मला त्याचा राग यायचा. वाक्य खोटं होतं म्हणून नाही. त्या वाक्यात बाई कुठंच नव्हती. तिचं हसणं नव्हतं, दारावरून केलेलं भांडण नव्हतं, कोमट अंड्यांवर ठेवलेला हात नव्हता. माझी जाऊ कुणाला धडा शिकवायला मेली नव्हती. ती मोह वेचायला गेली होती.

वाघीण पुढे पकडली म्हणतात. कुणी म्हणतं ती हीच, कुणी म्हणतं वेगळी. मी तिचा द्वेष करून पाहिला. होत नाही. तिच्यापोटीही पिलं असतील, असा विचार करून माफही करून पाहिलं. तेही होत नाही. बाई नाही, एवढंच होतं.

पुढच्या फाल्गुनात बाया पुन्हा मोहाला गेल्या. झिंगूबाईसुद्धा गेली. मीही गेले, एकदाच. आमच्या झाडाखाली तसाच सडा पडला होता, कुणी वेचलेला नव्हता. मी वाकले आणि माझी पाठ इतकी उघडी, इतकी मोठी वाटू लागली की मी तशीच उभी राहिले. बाकीच्या बाया वेचत होत्या. पुढं यजमानांनी वरोऱ्यात खोली घेतली आणि आम्ही इकडे आलो. मी शिवणकाम करते. सुई ओवताना अजूनही कधी कधी पीळ देणाऱ्या हाताची वाट पाहते.

भासरे गावीच आहेत. कोंबड्या आता ते पाळतात. ज्यांना कोंबड्यांसाठी एवढा खटाटोप नको होता, ते पावसाळ्याआधी एकेक टाका तपासतात, गंजलेला असेल तिथं नवी तार घालतात. अंडी स्वतः खात नाहीत, शेजारी वाटून टाकतात. मागं गेले तेव्हा मी म्हटलं, "भाऊ, दोन अंडी तुमी बी खात जा, हाडं निघाले तुमचे." ते म्हणाले, "तिच्या कोंबड्या हायेत. मी काऊन खाऊ?"

रोशनी नर्स झाली. गडचिरोलीला असते, खोली भाड्यानं घेऊन. आईबद्दल ती माझ्याशी कधी बोलली नाही. बोलायची ती नोकरीबद्दल, ड्यूटीबद्दल, माझ्या पोरीच्या शाळेबद्दल. त्या एका सकाळभर आम्ही तिला सोडून सगळ्यांना सांगितलं, हे तिनं कधी तोंडावर म्हटलं नाही. मनात होतं ते मला दिसायचं.

परवा संध्याकाळी तिचा फोन आला. नेहमीचं बोलणं झालं, आता ठेवेल असं वाटलं. ठेवला नाही.

"काकू, एक इचारू?"

"इचार ना."

"त्या दिवशी सकाळी जाताना आई काई बोलली होती का?"

बोलली होती. मी चुलीपाशी होते. दाराकडून तिचा आवाज आला होता, "कुंदा, कोंबड्याइले उन्हं आल्यावर सोडजो." तेवढंच. आणि मी धुरात डोळे चोळत "हाव बाई" म्हटलं होतं. त्यानंतर तिची पावलं, आणि मग काही नाही.

"बोलली होती," मी म्हटलं.

"माहं नाव घेतलं होतं?"

पलीकडे कुणीतरी जोरात हॉर्न वाजवत गेलं. रोशनी थांबून राहिली होती.

"घेतलं होतं," मी म्हटलं. "म्हने, आज पोरीचा शेवटचा पेपर हाय. चांगला जाईन."

"खरंच?"

"खरंच, बाई."

मग ती रडू लागली, लहान मुलं रडतात तशी, मोठ्यानं. मी तिला गप्प हो म्हटलं नाही. फोन कानाला धरून तशीच उभी राहिले, तिचं रडणं थांबेपर्यंत.